सिंधुदुर्गाच्या तटावरील व तळांतील खुणा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधणीविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. शके १५८६ च्या मार्गशीर्ष वद्य २ स, म्हणजे इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरच्या २५ व्या तारखेस, मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं पाया घातला व सुमारें तीन वर्षांत काम तडीस गेलें. पायाच्या चिऱ्यांत शिसें ओतलें. दरवाजा असा वळवून घेतला कीं, समुद्रावरून येणाऱ्यास तो जवळ आल्यावांचून दिसूं नये. बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी लागल्या. या गोष्टी वाचकांस ठाऊक आहेत व त्यांची पुनरुक्ति येथें करावयाची नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय किल्ला बांधणारांचा नसून तो पाहावयास येणारांचा आहे. पाहुणा येऊन काय पाहून गेला हें प्रवासवृत्तांतांतून समजतें. तो काय ठेवून गेला आणि काय घेऊन गेला याची नोंद मात्र सहसा कोणी करीत नाहीं. सिंधुदुर्गाच्या बाबतींत ती करणें आतां अगत्याचें झालें आहे, कारण येथें पाहुण्याच्या हातापायांखालीं दोन निरनिराळ्या वस्तू झिजत आहेत. एक पाण्यावरील तट, आणि दुसरी पाण्याखालील खडकांवर वाढलेलें प्रवाळ. पहिल्या नासधुशीबद्दल लोक रागावतात. दुसरीबद्दल बहुधा कोणी बोलत नाहीं. वास्तविक दोन्ही वस्तू एकाच किल्ल्याच्या आहेत, असें प्रस्तुत लेखकाचें म्हणणें आहे.

प्रथम खडकांविषयीं. मालवण बंदराचें तोंड खडकांनीं भरलेलें आहे. कांहीं खडक ओहोटीस उघडे पडतात, कांहीं बारमास पाण्याखालीं राहतात, आणि त्यांच्यामधून जाणारी वाट ज्यास लहानपणापासून अवगत नाहीं त्याचें गलबत सुखरूप आंत येईल अशी शाश्वती पूर्वीं नव्हती व आजही नाहीं. पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे सिंधुदुर्गाचे परिवारदुर्ग म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु त्या परिवारांत या बुडीत खडकांची गणना केलेली आढळत नाहीं. परकी जहाजाची गांठ तटाशीं पडण्याआधीं पडे ती यांच्याशीं. तट हिरोजी इंदुलकरानें उभारला असें परंपरा सांगते. ही बाहेरची तटबंदी आयती मिळालेली होती, आणि ती हेरून तिच्या आडोशास किल्ला बसविला गेला. महाराजांची नजर यांत जितकी दिसते तितकी ती तटाच्या उंचीरुंदींतही दिसत नाहीं. इ. स. १७६५ त इंग्रजांनीं किल्ला घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें व पुढील वर्षीं तो करवीरकरांस परत केला. कायमचा तो त्यांच्याकडे गेला १८१२ च्या तहानें. नवें नांव रुळलें नाहीं. किल्ल्याचें लष्करी महत्त्व त्यानंतर संपलें, आणि मग पाहुण्यांचा काळ सुरू झाला.

या खडकांवर प्रवाळ वाढतें. पोंवळें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें नवरत्नांतील तांबडा मणि येतो. हें तें नव्हे. येथील प्रवाळ खडकास बिलगून गोळ्यासारखें किंवा थाळीसारखें वाढतें. वरून पाहतां तें दगडच वाटतें, आणि नवख्या माणसाचा पाय त्यावर पडतो तो याच कारणानें. प्रत्यक्षांत ती अत्यंत बारीक जिवांची वसाहत असते. ते जीव आपल्या अंगांतून चुन्याचें घर करितात, त्या घरावर पुढचें घर चढतें, आणि अशा रीतीनें मोठ्या गोलाकार जातींची वाढ वर्षाला कांहीं मिलिमीटर, फार झालें तर सेंटिमीटरभर होते. अशा प्रवाळाचा छेद घेतला असतां झाडाच्या वलयांप्रमाणें वर्षावर्षाचे थर दिसतात, व कोणत्या सालीं समुद्र किती तापला होता हें शास्त्रज्ञ त्या थरांवरून वाचतात. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर हें सालवार लावलेलें दप्तर आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणीं जिवंत प्रवाळ असल्याचें इ. स. १९७९ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि पुढें १३ एप्रिल १९८७ रोजीं महाराष्ट्र सरकारनें मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्याचें क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यांतील ३.१८ चौरस किलोमीटरांचा भाग गाभ्याचा ठरविला आहे. सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोंवतालचें पाणी या गाभ्यांत येतें. ज्या पाण्यानें किल्ला राखला तेंच पाणी सरकारनें राखावयास घेतलें, हा योगायोग नव्हे. खडक होते म्हणून किल्ला तेथें झाला, आणि खडक होते म्हणूनच प्रवाळही तेथें राहिलें.

कायद्याच्या दृष्टीनें मात्र किल्ल्याचे दोन तुकडे झाले आहेत. तट केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे व त्यास १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. स्मारकाची मोडतोड किंवा विद्रूपता करणारास त्या कायद्यांत मूळ तीन महिन्यांची कैद किंवा पांच हजार रुपये दंड अथवा दोन्ही सांगितलीं होतीं. २०१० च्या दुरुस्तीनें हीच शिक्षा दोन वर्षें व एक लाख रुपयांपर्यंत वाढली. पाणी वनखात्याकडे आहे व त्यास १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा लागू होतो. खडक बांधणारें प्रवाळ त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं घातलें गेलें, म्हणजे कागदोपत्रीं त्याला वाघाच्या पंक्तीस बसविलें. दोन खात्यांमधील सीमा म्हणजे भरतीची रेषा. होडींतून उतरून तटाकडे चालणारा पाहुणा ती रेषा न कळत ओलांडतो.

आतां तटावरील खुणांकडे वळूं. सिंधुदुर्गाचा आरंभच मुळीं खुणेनें झालेला आहे. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून जो खडक प्रसिद्ध आहे त्यावर गणपति, चंद्र, सूर्य इत्यादि आकृति कोरलेल्या असून पायाभरणीच्या वेळचें पूजन तेथें झालें अशी परंपरा आहे. किल्ल्याच्या दरवाजाजवळ तटावर दोन लहान घुमट्यांखालीं चुन्यांत उमटलेले हाताचा व पायाचा असे ठसे आहेत. ते खुद्द महाराजांचे म्हणून लोक तेथें मस्तक नमवितात. आंत शिवराजेश्वराचें देऊळ आहे. तें राजाराम महाराजांनीं बांधविलें असें सांगतात. या सर्व खुणा अधिकाराच्या आहेत. ज्यानें किल्ला निर्माण केला त्याचा हात चुन्यांत उमटला तर तो किल्ल्याचा शिक्का होतो. त्याच तटाच्या चिऱ्यावर खिळ्यानें आपलें व आपल्या प्रियपात्राचें नांव कोरणारा मनुष्य स्वतःकडे तोच अधिकार घेतो, आणि त्यास हें कळतही नाहीं. महाराष्ट्रांतील बहुतेक किल्ल्यांचें व लेण्यांचें हेंच दुखणें आहे. सिंधुदुर्गावर तें अधिक बोंचतें, कारण येथें अस्सल ठसा आणि नक्कल हाकेच्या अंतरावर आहेत.

येथें आपल्यापैकीं कोणी एक शंका काढील, आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीं. प्रवाशानें दगडावर लिहिलेलें नांव हें आज उपद्रव वाटत असलें तरी उद्यां तोच शिलालेख होत नाहीं काय? साष्टीच्या कान्हेरी लेण्यांतील एका गुंफेंत पहलवी भाषेंत लिहिलेले लेख आहेत. इ. स. १००९ व १०२१ या सालीं लेणीं पाहावयास आलेल्या पारशी मंडळींनीं आपलीं नांवें व मिति त्यांत नोंदविल्या आहेत. पाहुण्यांनीं ठेवलेली ही खूण आज पारशांच्या इतिहासाचें मोलाचें साधन ठरली आहे. मग मालवणास येणाऱ्या आजच्या पाहुण्यानें काय पाप केलें? याचें उत्तर असें कीं, खुणेची किंमत ती कोणी ठेवली यावरून जितकी ठरते तितकीच ती कशावर ठेवली यावरूनही ठरते. कान्हेरीच्या त्या लेखकांनीं दुसऱ्या कोणाचें लेखन खोडून आपलें घातलेलें नाहीं. उलट अजिंठ्याकडे पाहावें. कॅप्टन जॉन स्मिथ हा इंग्रज अंमलदार शिकारीच्या निमित्तानें त्या दरींत आला व युरोपियनांना अजिंठ्याचा पत्ता लागला, म्हणून त्याचें नांव इतिहासांत आहे. पण त्यानें तें इतिहासावर सोंपविलें नाहीं. दहाव्या लेण्यांतील बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलें नांव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख त्यानें स्वतःच ओरखडून ठेविली. शोध त्याचा व नासही त्याचाच, असा हा प्रकार आहे.

आणि घेऊन जाणारांचें काय? सामान्य यात्रेकरू शिंपले, शंख, फार तर पोंवळ्याचा तुकडा उचलून नेतो. आपण विद्वान् लोक यांहून मोठ्या वस्तू नेत आलों आहों. घारापुरीच्या लेण्यांत एक शिलालेख होता. तो पोर्तुगीजांनीं काढून आपल्या राजाकडे पाठविला असें दिओगु दु कोतु लिहितो. तो लेख पुढें नाहींसा झाला. लेणें कोणी व केव्हां कोरलें याविषयीं विद्वानांत आजही जी तर्कांची लढाई चालू आहे, तिचें एक मूळ त्या एका दगडाच्या गहाळ होण्यांत आहे. अजिंठ्यास डॉक्टर बर्ड यानें संग्रहासाठीं म्हणून भिंतीवरील चित्रांचे तुकडे सोलून काढले. संग्रहास फारसें कांहीं लाभलें नाहीं, भिंत मात्र कायमची उघडी पडली. या दोघांच्याही मनांत विध्वंस नव्हता. हें येथें लिहिण्याचें कारण असें कीं, किल्ल्यावरून तोफेचा गोळा, वीट, शिलाखंड, नाणें उचलून आणून घरच्या कपाटांत मांडण्याची हौस आपल्या वर्गांत नाहीशी झालेली नाहीं. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणें ७५ वर्षांवरील महत्त्वाचें हस्तलिखितसुद्धां पुरावस्तु ठरतें, याची जाणीव संग्राहकांस असतेच. परंतु कायद्याच्या आधींची गोष्ट अशी कीं, जागेवरून हललेली वस्तु निम्मी मुकी होते. कोणत्या बुरुजाखालीं, कोणत्या थरांत, कशाशेजारीं ती सांपडली हें गेलें कीं तिच्यापासून मिळणारी साक्षही गेली. पोंवळ्याच्या तुकड्यास हाच न्याय लागतो, आणि अधिक कठोरपणें लागतो. तटावर कोरलेलें नांव निदान वाचतां तरी येतें; प्रवाळावर पडलेल्या पायाची खूण कोणास वाचतां येत नाहीं. तेथें फक्त मजकूर पुसला जातो, नवा लिहिला जात नाहीं.

जुन्या राज्यकर्त्यांस या गोष्टींचें भान नव्हतें असें समजूं नये. करवीरच्या गादीसाठीं रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सिद्ध केलेलें आज्ञापत्र वाचकांच्या संग्रहीं असेलच. सिंधुदुर्ग करवीरकरांचा, आणि आज्ञापत्रही त्यांचेंच. त्यामुळें त्यांतील दुर्गप्रकरण या किल्ल्यास परकें नाहीं. गडावरील वाटा, बाजार व तट यांवर केरकसपट पडूं देऊं नये, केर झाडून गडाखालीं न लोटतां जागच्या जागीं जाळावा, व ती राख परसांत घालून भाजीपाला करावा, असा त्याचा आशय आहे. जलदुर्गाच्या बाबतींत गडाखालीं म्हणजे समुद्रांत. अमात्यांच्या काळीं केर म्हणजे पालापाचोळा व शेण. आज तटावरून खालीं जातात त्या प्लॅस्टिकच्या बाटल्या व पिशव्या. त्या जाळून होणारी राख परसांत घालण्याजोगी नाहीं, त्यामुळें तोडगा बदलावा लागेल. हुकूम बदलण्याचें कारण दिसत नाहीं. त्याच आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेच्या आंबा-फणसांस हात लावूं नये, झाड जुनें होऊन कामांतून गेलें असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें, असेंही सांगितलें आहे. झाडाची वाढ एका दिवसांत होत नाहीं आणि रयतेनें तें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलें असतें, ही त्यामागची विचारसरणी होय. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणाऱ्या प्रवाळास ती किती लागू पडते हें सांगावयास नको.

पाहुण्यांचा लोंढा वाढला तो अलीकडे. रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला व त्यास या किल्ल्याचेंच नांव मिळालें. १९९७ त तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ त कोकण रेल्वे पुरी झाली. २०२१ च्या ऑक्टोबरांत चिपीचा विमानतळ उघडला. पूर्वीं पुण्यामुंबईहून मालवणास येणें म्हणजे बोटीनें नाहींतर घाटांतून दोन दिवसांची यातायात होती, आणि ती सोसून येणारा बहुधा भाविक, चाकरमानी किंवा अभ्यासक असे. आतां शनिवारीं निघून सोमवारीं परततां येतें. याबरोबरच नळी तोंडांत धरून पाण्यावर तरंगण्याचा आणि पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी घेण्याचा खेळ येथें रुजला, आणि किल्ल्याभोंवतालचे तेच खडक त्याचें क्षेत्र बनले. पोहतां न येणाऱ्या माणसास बुडीची भीति वाटली कीं तो पायाखालीं कांहीं टेंकावयास शोधतो, व त्याला टेंकावयास मिळतें तें प्रवाळ. छायाचित्रासाठीं त्यास हात लावणें, माशांनीं भोंवतीं जमावें म्हणून पाव-बिस्किटें चारणें, होडीचा नांगर खडकांवर सोडणें, हे सर्व प्रकार यांतच येतात. गोव्याच्या उपर्युक्त संस्थेच्या संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या बुड्यांमुळें मालवणच्या प्रवाळाची मोडतोड होत असून तिची जबाबदारी कोणावरच नाहीं असें मांडलें आहे. न्यायाच्या दृष्टीनें हेंही लिहिलें पाहिजे कीं, समुद्र तापल्यामुळें येथील प्रवाळ पांढरें पडल्याच्याही नोंदी आहेत, व तो दोष एकट्या पाहुण्याच्या पदरीं घालतां येणार नाहीं. परंतु आजारी माणसाच्या छातीवर उभें राहणारास, आजार मीं आणलेला नाहीं असें म्हणून सुटतां येत नाहीं.

लोकांची प्रतिक्रिया काय झाली? अभयारण्याविषयींची सर्वांत जुनी प्रतिक्रिया पाहुण्यांविरुद्ध नसून खुद्द अभयारण्याविरुद्ध होती, आणि ती गाबीत व इतर मच्छीमारांची होती. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या लोकांस एके दिवशीं कळलें कीं, आपला समुद्र सरकारनें राखीव केला आहे. त्यांचा विरोध अडाणीपणाचा म्हणून हिणवण्यांत आला. प्रस्तुत लेखकास तो तसा वाटत नाहीं. समुद्रांत अभयारण्य करावयाचें झाल्यास स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचें रक्षण होईल अशी तजवीज आधीं करावी, हें कलम कायद्यांत आलें १९९१ त. मालवणचा जाहीरनामा त्याच्या चार वर्षें आधींचा. उलट, अभयारण्यांत परवान्यानें प्रवेश देण्याचीं जीं कारणें कायद्यांत सांगितलीं आहेत, त्यांत पर्यटनाचा उल्लेख स्पष्ट आहे. ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या या खडकांवर आपलें जाळें फाटूं न देण्याची काळजी घेतली, आणि म्हणून खडकांसही जपलें, त्यास आपण परके झालों व खडक कोठें आहे हें ठाऊक नसलेला घरचा झाला, असें वाटलें तर नवल नाहीं. पुढें यांतल्याच कित्येकांनीं पाहुण्यांच्या होड्या चालविण्यास घेतल्या, हेंही खरें. त्यामुळें गावकरी विरुद्ध उपरा अशी सोंपी मांडणी येथें टिकत नाहीं. प्रवाळावर उभा राहणारा पाहुणा परगांवचा असतो. त्यास तेथवर नेणारा हात बहुधा मालवणचाच असतो.

किल्ल्याविषयींची प्रतिक्रिया निराळ्या जातीची आहे. तिची परंपरा रायगडापासून सुरू होते. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानें १८८३ त प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत महाराजांच्या समाधीच्या दुर्दशेवरून मराठ्यांस बोल लावला; १८८५ त पुण्यांत त्याविषयीं सभा झाली; १८९५ त केसरीनें हा विषय हातीं घेऊन फंड उभारला; आणि १८९६ त रायगडावर पहिला उत्सव झाला. एका परक्या पाहुण्याच्या टोमण्यांतून ही चळवळ उभी राहिली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे: सगळेच पाहुणे कांहीं नासधूस करून जात नाहींत. आज दुर्गसंवर्धनाच्या नांवानें तरुणांचीं मंडळें ठिकठिकाणीं गडांवर जाऊन कचरा उचलतात, टाकीं उपसतात, तटावरील झाडोरा काढतात. त्यांचे श्रम निःस्वार्थी आहेत. मात्र उत्साहाच्या भरांत चुन्याच्या जागीं सिमेंट भरणें, जुन्या दगडास रंग देणें, ढासळलेला चिरा अंदाजानें कोठेंतरी बसविणें, असेही प्रकार घडतात, व नंतर येणाऱ्या अभ्यासकास जुनें कोणतें व नवें कोणतें हें निवडतां येत नाहीं. पोथीवर शाईनें टीप लिहिणाऱ्या भाविकासारखा हा प्रकार आहे.

लोकांच्या संतापाचें माप समजण्यास राजकोटचें उदाहरण पुरेसें आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजीं नौदल दिनानिमित्त तेथें उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. दोनचार दिवसांत महाराष्ट्रभर क्षोभ उसळला, आणि तो यथायोग्य होता. त्याआधीं २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघे दगावले, तेव्हांही होड्यांच्या सुरक्षिततेविषयीं ओरड झाली. पुतळा पडलेला दिसतो, माणूस बुडालेला दिसतो. पाण्याखालचा खडक उजाड झालेला फक्त बुडी घेणारास दिसतो, आणि तो बहुधा पहिल्यांदाच आलेला असल्यामुळें पूर्वीं तेथें काय होतें याची तुलना त्यास करतां येत नाहीं. जुलै २०२५ त बारा मराठी किल्ल्यांचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारशांत घेतला गेला. त्यांत सिंधुदुर्ग आहे, आणि यापुढें गर्दी वाढेल ती याच नांवानें.

परदेशांत काय झालें हें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत यलोस्टोन हें पहिलें राष्ट्रीय उद्यान १८७२ त झालें. तेथील उष्णोदकाच्या झऱ्यांभोंवतीं साचलेला नाजूक थर लोक हातोड्यानें फोडून नेत व त्यावर नांवें कोरीत. कायदा होता, राखणदार अपुरे होते. शेवटीं १८८६ त तेथें घोडदळ पाठविलें, व नांव कोरणारास पकडून आणून त्याच्याच हातून तें घासून काढविण्याची शिक्षा शिपायांनीं सुरू केली. शिक्षा हास्यास्पद वाटली तरी लागू पडली, कारण ती जागेवर, ताबडतोब आणि चारचौघांत मिळे. आपल्याकडील लाख रुपयांच्या दंडाची भीति वाटत नाहीं, ती तो लहान आहे म्हणून नव्हे.

प्रवाळ घासून पूर्ववत् करतां येत नाहीं, तेव्हां पाण्यांत ही युक्ति चालणार नाहीं. तेथें उपाय आहे तो पाय पडण्यापूर्वींचा, आणि त्यासाठीं खडक कोठें, किती, कोणत्या नांवाचे, हें प्रथम कागदावर आलें पाहिजे. हें काम जीवशास्त्रज्ञांइतकेंच आपलेंही आहे. मालवण, दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग या गांवांतील वृद्ध तांडेल प्रत्येक खडकास नांवानें ओळखतात. कोणत्या देवळाचा कळस कोणत्या झाडाशीं जुळला म्हणजे होडी कोणत्या खडकावर आहे, ही खूणगांठ त्यांच्या तोंडीं असते. यंत्रानें दिशा पाहणाऱ्या पुढच्या पिढीस ती पाठ करण्याची गरज उरलेली नाहीं. हीं नांवें उतरवून घेऊन किल्ल्याच्या नकाशावर मांडावीं, आणि इंग्रजी अमदानींतील आरमारी नकाशे व रत्नागिरी जिल्ह्याचें १८८० चें गॅझेटियर यांशीं ताडून पाहावीं. करवीर व सावंतवाडी येथील, तसेंच मालवणच्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या दप्तरांत गलबतें फुटल्याचे, बंदराची वाट दाखविणाऱ्यांस इनाम दिल्याचे किंवा खडकांच्या हद्दीवरून रापणकारांत झालेल्या तंट्याचे कागद ज्यांच्या पाहण्यांत आले असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या; मूळ कागद जेथें आहेत तेथेंच राहूं द्यावे.